सावडीची मजुरी

प्रिय कूमा विदा,

पोस्टमनने पाकीट हातात दिलं आणि वर माझं अक्षर दिसलं की तुला वाटेल, कोसाराला वेड लागलं. आपल्या दोन अंगणांच्या मध्ये एक ओढा आहे, तोही उन्हाळ्यात कोंबड्या ओलांडतात एवढाच. तरी हे पत्र आमच्या फाटकातून निघून तालुक्याला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि परत चढ चढून तुझ्याकडे येईल. तिकिटाचे पैसे जिवावर आले, खोटं कशाला सांगू. पण दोनदा तुझ्या दारात येऊन उभी राहिले. दोन्ही वेळा आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि दार उघडलं नाही. रविवारी चर्चमध्ये तू खांबापलीकडे उभी राहतेस आणि पाद्रीबाबांचा शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत निघून जातेस. मग मी काय करू? ओढ्यावरून ओरडू? ओरडायला मी भीत नाही. पण गाव ऐकेल, आणि तुमच्याबद्दल गावाने माझ्या तोंडून काही ऐकावं असं मला अजून वाटत नाही. अजून.

मी रागावले आहे, विदा. तीन आठवडे झाले, प्रार्थनेला उभी राहिले की 'आमचे अपराध क्षमा कर' इथपर्यंत येते आणि पुढे 'जशी आम्ही क्षमा करतो' हे शब्द गाळून टाकते. तुझ्या सासऱ्यांनी आमच्या लग्नात डोक्यावर मुकुट धरला. तुझ्या तिहोमीरने माझ्या वुकला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलून घेतलं. तुमचं घर आमच्या घराचं कूम, देवासमोर बांधलेलं धर्माचं नातं. रक्ताचा भाऊ भांडून वेगळा होतो, कूम होत नाही, असं आपण दोघी मानत आलो. आता ते नातं राहतं की तुटतं हे तुमच्या दोघांच्या हातात आहे. त्यात तुझ्या जास्त, कारण तिहोमीर माझं ऐकणार नाही, तुझं ऐकतो.

झालं ते सगळं तुला ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून लिहिते, कारण वर्षभरात तू ते स्वतःला वेगळ्या रीतीने सांगितलं असशील.

गेल्या वर्षी, साथीच्या उन्हाळ्यात, तिहोमीरला रुग्णवाहिकेतून नेलं तेव्हा तुमची रासबेरी नुकती लाल व्हायला लागली होती. बोस्नियाहून दरवर्षी येणारे तोडणीवाले सीमेपलीकडे अडकले. तुझी मुलगी जर्मनीत, विमानं बंद. तुला घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. तू काचेआडून मला ओरडून सांगत होतीस, "जाऊ दे कोसारा, सडू दे सगळं, तो जगला म्हणजे झालं." पण रासबेरी कोणासाठी थांबत नाही. पिकली की दुसऱ्या दिवशी बोटाला लागते, तिसऱ्या दिवशी मातीला. तुमचं वर्ष त्या ओळींवर उभं होतं. म्हणून मी सावड मागायला निघाले. आपल्या सासवा निघायच्या तशीच: हातात घरी गाळलेल्या राकियाची बाटली, खांद्यावर धुतलेला पंचा, आणि प्रत्येक फाटकापाशी एकच वाक्य, "तिहोमीरच्या घरी संकट आहे, त्याला हात हवेत." सावडीला बोलावणारा मजुरी ठरवत नाही आणि येणारा विचारत नाही. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या गरज पडली तर तुम्ही आमच्या. नाही पडली तर देवाची कृपा.

लोक घाबरलेले होते, विदा. रादोये फाटकाआडूनच म्हणाला, "त्या घरात रोग आहे. माझ्या घरात नातवंडं आहेत. आणि तू म्हणतेस ये?" मी म्हटलं, "रोग घरात आहे, रासबेरी बाहेर आहे. तुला तोडायला बोलावते आहे, तिचे मुके घ्यायला नाही." तो हसला. म्हणाला, "बरं, बाटली इकडे दे, आधी आतून औषध करतो." असा एकेक जण आला. पेरुनिका आजीला तर मी बोलावलंच नव्हतं. एकटी विधवा बाई, एक शेळी आणि सरकारकडून महिन्याला मिळणारी मदत, एवढ्यावर जगणारी. या वयात तिला कुठे वाकायला लावायचं? तर सकाळी बघते तो नाकावर रुमाल बांधून ओळीच्या टोकाला हजर. मला म्हणाली, "मला वगळलंस? मेले असं समजलीस काय?" उलट्या क्रेटवर बसून ती खालची फळं तोडायची, जिथे इतर कोणी वाकत नव्हतं तिथली.

संत पीटरचा उपास चालू होता, मांस-लोणी बंद. तू बीन्स नुसत्या तेलात केलेस, पातेलं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलंस आणि मागे सरकलीस. रादोये पहिला घास घेऊन ओरडला, "विदा, बीन्सनी पण मास्क घातलाय का? मीठ आत शिरलेलं दिसत नाही!" तेव्हा काचेपलीकडे तू हसलीस. तिहोमीरला नेल्यापासून पहिल्यांदा. मी तिथेच क्रूस काढला आणि मनात म्हटलं, हे घर वाचलं.

आणि तो आला. तोडणीच्या शेवटच्या दिवशी, काठी टेकत, पँट दोरीने बांधलेली. अक्रोडाच्या झाडाखाली उभा राहिला, टोपी काढली आणि रडला. "हे मी मरेपर्यंत विसरणार नाही," म्हणाला. ते रडणं खरं होतं, यावर माझा आजही विश्वास आहे. मग त्याने सगळ्यांची ओळखपत्रं मागितली. म्हणाला, "कोण कोण आलं होतं ते टिपून ठेवतो. उद्या कोणी आजारी पडलं तर डॉक्टरांना शोधता आलं पाहिजे." कोणी विचारात पडलं तर मीच म्हणत होते, "द्या रे, कूम मागतोय." पेरुनिका आजीचा चष्मा घरी राहिला होता, तिच्या पिशवीतून तिचं कार्ड मी माझ्या हाताने काढून त्याला दिलं. तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं असं मी धरून चालते. हिवाळ्यात सुचलं असेल. पण ज्या माणसाला हे सुचलं त्याच्या हातात ती नावं माझ्या शब्दावर आली होती.

हिवाळ्यात सरकारची साथीची मदत आली. जमिनीमागे सगळ्या बागायतदारांना मिळाली, आम्हालाही. मी देवापुढे मेणबत्ती लावली आणि त्यात गोठ्याचं छप्पर करून घेतलं. दुसरी एक मदत होती, ज्यांनी गावातले मजूर लावून रोज दिला त्यांना. दिलेल्या मजुरीतला मोठा वाटा सरकार परत देणार होतं. ती आपल्या गावात कोणाला लागूच नाही अशी माझी समजूत. वसंतात तुमच्या मळ्यावर गारांपासून वाचवायची नवी काळी जाळी चढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्या खिडकीतून दिसते. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ रादिसाव, आजारातून उठूनही कूमाने काटकसर करून जाळी घातली. शिक जरा." मी मूर्ख!

मी हिशेब कसा लिहिते तुला ठाऊक आहे. मॅट्रिक होऊन शाळा सुटली पण आकडे सुटले नाहीत. अंडं विकलं तरी लिहिते, चर्चमध्ये लावलेली मेणबत्तीही लिहिते, रादिसाव चिडवतो की ही देवालासुद्धा पावती मागेल. पण सावड मी कधी लिहिली नाही. कोणाकडे गेलो, कोण आमच्याकडे आलं, त्याची एक ओळ माझ्या वहीत नाही. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "लिहिलंस की ते फिटेल. आणि हे फिटू द्यायचं नसतं." तिहोमीरने ते लिहिलं. आम्हा सगळ्यांना रोजावर लावून लिहिलं आणि ती दुसरी मदत उचलली.

मला कळलं ते या सप्टेंबरात. पेरुनिका आजीला भाजलेल्या मिरच्यांची बरणी द्यायला गेले, तर तिची लाकडाची खोपी रिकामी. त्या दिवसांत इतरांची लाकडं वळचणीला टेकलेली असतात. मी विचारलं, "आजी, लाकडं कधी आणणार?" तर म्हणते, "यंदा हिवाळा उबदार आहे म्हणतात." "कोण म्हणतं?" "मी." मी हलले नाही तेव्हा हळूहळू बोलली. वसंतातच तिची मदत बंद झाली होती. कचेरीत खिडकीतल्या मुलीने तिला विचारलं, "आजी, तुम्ही कमावता आणि आम्हाला सांगत नाही?" ही म्हणाली, "मी? कुठे ग?" "तिहोमीरच्या मळ्यात, सगळा हंगाम. इथे दिसतंय ना. केलीत का मजुरी, हो की नाही?" मी म्हटलं, "मग? तू काय सांगितलंस?" म्हणाली, "हो म्हटलं."

तिने हो म्हटलं, विदा. एक दमडी न घेता. मी ओरडले, "का?" तर मलाच समजावू लागली, जशी मी लहान पोर आहे. "नाही म्हटलं असतं तर त्याला धरून नेलं असतं. आत्ता तर तो मरणातून उठून आलाय. त्याला नेलं असतं तर मी मग तोडणी कशाला केली?" मी उठून अंगणात गेले. म्हाताऱ्या बाईवर हात उगारायचं पाप नको म्हणून गेले. शेळीलाच चार शिव्या घातल्या.

माझा नवरा वर्षातून दोनदा बोलतो, हे तू नेहमी म्हणतेस. त्याने आपलं या वर्षाचं बोलणं तुमच्या अंगणात खर्च केलं. तू आत होतीस, ऐकलंच असशील, तरी तिहोमीरची उत्तरं मी इथे लिहिते, कारण कागदावर ती कशी दिसतात ते तू बघायला हवं. "सरकारचा पैसा आहे. तुझ्या खिशातून गेला का?" हे एक. "ज्यांनी जन्मात रासबेरीला हात लावला नाही अशा मोठ्या बागवाल्यांनी घेतले, साऱ्या सर्बियाने घेतले, मी तर मरून आलो होतो, मला नकोत?" हे दुसरं. "नाव लिहिलं म्हणून कोणाचं नाव झिजलं का?" आणि रादिसावने पेरुनिका आजीचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "म्हातारीला गाडीभर लाकूड टाकतो. संपलं."

टाकलं त्याने. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर नेऊन तिच्या फाटकाशी बीच झाडाचे ओंडके ओतले, चांगले, वाळलेले. ते अजून रस्त्यावर पडले आहेत, पाऊस खात आहेत. ती आत घेत नाही. मी आणि रादिसाव उचलून आत रचायला गेलो तर काठी आडवी धरून उभी राहिली. "ते आत आलं की मी खरंच मजुरीला गेले होते असं होईल," म्हणाली. शेवटी आमच्यातली लाकडं घेऊन गेलो. तीही घेईना. मग मी म्हटलं, "आजी, ही सावडीची आहेत," तेव्हा घेतली. पण आमची लाकडं दोन घरांना सबंध हिवाळा पुरणार नाहीत, आणि तिची मदत बंदच आहे.

आता गावाचं ऐक. या जुलैत मिलुंकाचा पाय मोडला आणि तिची रासबेरी उभी राहिली, तेव्हा मी पुन्हा बाटली घेऊन निघाले होते. फाटकं उघडली, राकिया पिऊन झाली, आणि जो तो म्हणाला, "बघतो." रादोये म्हणाला, "कोसारा, आधी सांग, यंदा आमचा रोज किती लावलाय?" मला वाटलं त्याची नेहमीची थट्टा. हसलेसुद्धा. त्याचा भाचा कचेरीत आहे, त्याला हिवाळ्यापासून माहीत होतं. सगळ्यांना कुणकुण होती, फक्त मला नव्हती. त्यांना वाटलं, मलाही त्यातलं काही पोचलं. दारोदार मीच गेले होते ना! मिलुंकाची अर्धी रासबेरी मातीत गेली, विदा. ती जाळी आमच्या खिडकीतून दिसते असं मी वर लिहिलं. मिलुंकाच्या खिडकीतूनही दिसते.

तिहोमीरवरचा राग मी समजून आवरू शकते. पुरुष मरणाच्या दारातून परत आला की त्याला वाटतं जगाने आपलं काही देणं ठेवलंय. तुझ्यावरचा राग मला आवरत नाही. आपण दोघी एकाच शरदात सुना म्हणून या गावात आलो. माझी धाकटी लेक गेली, बाप्तिस्म्याच्या आधीच गेली, तेव्हा सगळ्या बायका येऊन देवाची इच्छा, देवाची इच्छा म्हणून गेल्या. तू काही बोलली नाहीस. रोज सकाळ-संध्याकाळ आलीस, माझ्या गाईची धार काढलीस, दूध चुलीवर ठेवलंस आणि निघून गेलीस. मी उठून बसेपर्यंत. तीही मजुरीच होती का? तसं असेल तर सांग, आज हिशेबात लिहून टाकते आणि पैसे पाठवते. त्या बाईच्या घरात हे घडलं आणि ती दार लावून भांडी घासत बसली, हे मला पचत नाही.

तू म्हणशील, एवढं आहे तर कोसारा कचेरीत जाऊन सांगत का नाही. पहिली गोष्ट, कूमाची चहाडी करणारी बाई आमच्या घरात जन्मली नाही. दुसरी, मी बोलले तर पेरुनिका आजी खोटं बोलली असं ठरेल, तिने तोंडाने हो म्हटलंय. तिला सोडवेल असा एकच माणूस आहे. त्याने जाऊन सांगायचं, ही बाई आणि हे सगळे माझ्याकडे सावडीला आले होते, मी कोणाला मजुरी दिली नाही, म्हातारीने माझ्यासाठी खोटं सांगितलं. पैसे परत द्यावे लागतील. दंडही बसेल कदाचित. जाळी विकावी लागली तर आम्ही उतरवायला येऊ, फुकट. रादिसावने हे आपणहून म्हटलंय. मिलुंकाही येईल, तिचा पाय आता बरा आहे.

आणि आता हे पत्र कशाला लिहिलं ते. वुकच्या मुलीला बघायला तू आली नाहीस. ऑगस्टपासून ओढ्यापलीकडून तिचं रडणं तुला ऐकू येत असेल. पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याचा रविवार ठरवला होता. मी जाऊन तो रद्द करून आले. ते म्हणाले, "कोसारा, त्या लेकराचा काय दोष?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "मग दुसरा कूम घ्या. मी समजून घेईन." वुक आणि सूनही तेच म्हणतात, माझ्याशी धड बोलत नाहीत. पण दुसरा कूम मी घेणार नाही. आमचं कूम तुमचं घर आहे. तिहोमीर तिला हातात धरून पश्चिमेकडे तोंड करून उभा राहणार, सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कामांना सोडलं असं तीनदा म्हणणार, आणि पेरुनिका आजी मागे मेणबत्ती घेऊन उभी असणार. सगळं आज आहे तसंच असताना हे मी माझ्या नातीवर होऊ देणार नाही. आपल्याकडे नाव कूम देतो. कचेरीच्या कागदासाठी आईबापांनी काहीतरी लिहून दिलं, पण घरात ते कोणी उच्चारत नाही. पोर आता हसायला लागली आहे, आवाज आला की मान वळवते, आणि तिला हाक मारायला आमच्याकडे नाव नाही. थंडी पडली आहे. रात्री मी कितीदा उठून तिच्या नाकाशी हात धरते ते दुसऱ्या कोणाला नाही तरी तुला कळेल. मी वाट बघते आहे, विदा, आणि माझ्यात फार वाट बघायची ताकद नाही. तिहोमीरला म्हणावं, नाव घेऊन ये. वाट ओढ्यावरून नाही, कचेरीवरून आहे.

अजून तरी तुझीच,
कोसारा